शनिवारचा घोट

ती शनिवारची संध्याकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. वास्तविक लक्षात राहावी अशी ती केस नव्हती. खून नव्हता, दरोडा नव्हता. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर एका मोटारीने दूधवाल्याला उडवलं आणि थोड्या वेळात ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात हजर झाला, एवढीच हकिकत. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असत्या. याहून मोठे गुन्हे मी उघडकीस आणले आणि विसरूनही गेलो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये बसून आपण पकडलेले चोर-दरोडेखोर आठवत बसू, असं मला वाटायचं. आठवतो तो हा ड्रायव्हर. इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाही. त्याला घरचे आणि मालकाकडचे लोक ‘अण्णा’ म्हणत, मीही तेवढंच म्हणेन.

त्या दिवशी हुपरी रस्त्यालगतच्या एका मोठ्या लॉनवर वाईन महोत्सव भरला होता. शनिवार-रविवार असे दोन दिवस. बंदोबस्त आमच्या ठाण्याकडे होता आणि प्रभारी अधिकारी म्हणून मी दुपारपासून तिथे हजर होतो. कोल्हापूरला हा प्रकार नवा होता. गवतावर पांढरे तंबू, प्रत्येक कंपनीचा वेगळा स्टॉल, एका बाजूला गिटारवाली मुलं. तिकीट काढलं की मनगटाला कागदी पट्टा बांधायचे आणि गळ्यात एक कापडी पिशवी अडकवायचे. त्या पिशवीत काचेचा पेला, अर्धा वर निघालेला. हात मोकळे राहावेत म्हणून ही सोय. शहरातली चांगली शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यातली माणसं गळ्यात पेला लटकवून फिरताना पाहून माझ्याबरोबरचे हवालदार म्हणाले, “साहेब, शाळंत डबा अडकवून जायचो, तसं दिसतंय बघा.”

आयोजक बाहेरगावचे होते. तीन वाजले तरी गर्दी होईना, तशी त्यांच्यातला एक जण काळजीने माझ्याकडे आला. “इतकी जाहिरात केली साहेब, मग लोक का नाहीत?”

हवालदारांनीच उत्तर दिलं. “शनिवार हाय न्हवं! निम्मं कोल्हापूर मारुतीचा वार धरतंय. उद्या बघा, पाय ठेवायला जागा मिळायची न्हाय.”

वार न धरणारे मात्र आले होते. स्टॉलवरच्या मुली पेल्यात तळाशी घोटभर वाईन ओतायच्या आणि सांगायच्या, आधी पेला फिरवा, मग वास घ्या, मग जिभेवर घोळवा. शेजारी बादली ठेवलेली. चव घेऊन झाली की त्यात थुंकायचं, म्हणजे पुढची चव नीट कळते आणि चढतही नाही. आमच्या लोकांना यातलं काहीच पटेना. एक जाडजूड पाव्हणे त्या मुलीला म्हणाले, “थुकायचं? तिकीट काढून आलोय की बाई! पांढरा रस्सा वाढल्यागत वाढा, असं औषध पाजल्यावानी काय करताय?” सगळे हसले. तिनेही हसून पेला भरला. वाईन म्हणजे द्राक्षाचा रस, तिला काय चढायचंय, अशी सगळ्यांची समजूत. एरवी दारू मोजून पिणारी माणसं त्या दिवशी मोजत नव्हती.

त्यात हुपरीच्या एका चांदी व्यापाऱ्याचा मुलगा होता. तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला गोड. मला पाहून लांबूनच हात हलवला. “साहेब, या की! एक घ्या, रसच हाय.”

“वर्दीत आहे,” मी म्हटलं.

“मग पार्सल देतो,” म्हणाला आणि खळखळून हसला. त्याच्या गळ्यातली पिशवी डागाळून लाल झाली होती.

अंधार पडल्यावर मी ठाण्यात परतलो. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच खबर आली. गडमुडशिंगीजवळ दूध संस्थेत दूध घालून परत निघालेल्या मोटरसायकलवाल्याला एका पांढऱ्या मोटारीने मागून धडक दिली होती. मोटार क्षणभर थांबून हुपरीच्या दिशेने निघून गेली होती. जखमीला सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. पाय मोडला होता, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. मी एका उपनिरीक्षकाला पंचनाम्याला पाठवलं आणि पुढच्या नाक्यांवर निरोप दिला.

नाक्यावर काही सापडायच्या आत ती पांढरी मोटार आमच्या दारात येऊन उभी राहिली. समोरचा दिवा फुटलेला. त्यातून दुपारचा तोच चांदीवाल्याचा मुलगा उतरला. आता तो हसत नव्हता. त्याच्या मागे पन्नाशीचा एक माणूस, पांढरी पँट, पांढरा शर्ट, हात जोडलेले.

“गाडी आमची हाय साहेब,” मुलगा म्हणाला. “ड्रायव्हरनं केलं. मी मागं बसलतो, डोळा लागलता. भिऊन त्यानं गाडी पळवली. मला कळल्यावर मीच घेऊन आलो.”

अण्णा पुढे झाला. “मीच चालवत हुतो. प्यालतो. दूधवाला दिसला न्हाय. चूक झाली साहेब, काय शिक्षा आसंल ती द्या.”

त्याच्या तोंडाला वास येत होता. वैद्यकीय तपासणीला पाठवलं, रक्ताचा नमुना घेतला. डॉक्टरांनीही मद्य घेतल्याचा शेरा दिला. मुलाचा जबाब घेऊन त्याला बाहेर बाकावर बसवलं. कागदावर केस पूर्ण झाली होती.

मला खटकलं ते इतकंच, की अण्णाने सगळं एका दमात कबूल केलं. खरोखर गुन्हा केलेला माणूस असं करत नाही. तो आधी म्हणतो, मी नव्हतोच. मग म्हणतो, होतो, पण चूक समोरच्याची. मग एखादाच पेला घेतला होता म्हणतो. एकेक पायरी उतरत तो कबुलीपर्यंत येतो. पाठ केल्यासारखी अख्खी कबुली देणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याची कबुली देत असतो. ही माझी समजूत, पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट, दूध संस्थेपाशी उभी असलेली एक बाई जखमीच्या भावाबरोबर ठाण्यात आली होती. गाडी थांबली तेव्हा तिने उतरलेल्या माणसाला पाहिलं होतं. उजव्या दाराने उतरला, दूधवाल्याकडे बघितलं, झोकांड्या खात मागे वळला.

हवालदारांनी तिला विचारलं, “वळख पटंल का?”

“तोंड नीट दिसलं न्हाय. पर गळ्यात पेला अडकवल्याला हुता.”

“बाई, गळ्यात ताईत असतोय. पेला कसा असंल?”

“मला डोळं हायती की! पेला म्हंजे पेला. काचंचा.”

हवालदार माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. दुपारी दोघांनीही तो पेला पाहिला होता. पण ड्रायव्हर लोक लॉनच्या बाहेर पार्किंगमध्ये होते. त्यांना आत प्रवेश नव्हता, पट्टा नव्हता, पेलाही नव्हता.

अण्णाला आत घेतलं. दार लोटलं. मी, हवालदार आणि तो.

“वाईन कुठे प्यालास?”

“तितंच. जत्रंत.”

“आत कोणी सोडलं?”

“सोडलं कुणीतरी.”

“पेला कुठं आहे?”

“टाकला.”

“कोणती प्यालास? गोड होती की आंबट?”

तो थोडा थांबला. “लाल हुती.”

यापलीकडे एक शब्द नाही. आवाज चढवला तरी तेच, खाली आणला तरी तेच. त्याच्यावर हात उगारायचं कारण नव्हतं आणि माझी ती पद्धतही नव्हती. हवालदार मला बाहेर घेऊन गेले. “साहेब, कबुली हाय, वास हाय, गाडी हाय. आनि काय पायजे? कशाला उकरताय?”

त्यांचंही खरं होतं. पेल्यावरून एवढंच कळत होतं की बाईने पाहिलेला माणूस अण्णा नसावा. दूध संस्थेच्या दारावर कॅमेरा होता, पण सचिव परगावी गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. फुटेज सकाळीच मिळणार होतं. ते स्पष्ट निघेल याची खात्री नव्हती. तोवर जखमीचं काही बरंवाईट झालं असतं तर कलम वाढलं असतं आणि दारू पिऊन माणूस मारल्याचा गुन्हा या हात जोडून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर गेला असता. आणि तो तर त्यासाठी तयारच होऊन आला होता.

ठाण्याचा रिवाज असा, की चौकशीला बसवलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही. हवालदारांनी समोरच्या गाड्यावरून गरम वडे मागवले. वड्यांचा एक कागद अण्णापुढे सरकवला. अण्णाने तो तसाच मागे सारला.

“नगो. शनिवार हाय.”

अगदी सहज म्हणाला. घरी कुणी ताट पुढे केल्यावर म्हणावं तसं.

हवालदारांचा घास हातात राहिला. मी विचारलं, “उपास कधी सोडतोस?”

“घराकडं गेल्यावर. मारुतीला तेल घातल्याबिगर तोंडात काय घालत न्हाय.”

“किती वर्षं धरतोस?”

“थोरली पोरगी आजारी हुती तवापास्न. ल्हान हुती. आता तिला पोरं झाली.”

“आणि आज दारू प्यालास.”

माणूस वार मोडतो, त्यात नवल नाही. पण दुपारी दारू पिऊन वार मोडलेला माणूस संध्याकाळी वड्याला नको म्हणत नाही. मोडायचा तो पुरता मोडतो. याने न मोडल्यासारखं जपलं होतं, आणि तरीही त्याच्या तोंडाला वास होता. म्हणजे ती दारू त्याने आपल्या मनाने घेतली नव्हती.

आमच्या ठाण्याच्या आवारात पिंपळाखाली मारुतीचं लहानसं देऊळ आहे. तीन पायऱ्या, आत दोन माणसं मावतील एवढी जागा. मी शिपायाला वाटीत तेल आणायला सांगितलं. वाटी अण्णाच्या हातात दिली. “चल. दर्शन घे, तेल घाल, मग दोन घास खा.”

तो उठला. आवार ओलांडून आम्ही देवळापाशी गेलो. आत समई होती, शेंदराचा वास येत होता. अण्णाने चपला काढल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. त्याने पाय मागे घेतला.

“न्हाय साहेब. या तोंडानं न्हाय जायाचं.”

“का?”

“प्यालोय न्हवं.”

“कधी प्यालास अण्णा? गाडी ठोकायच्या आधी का नंतर?”

त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली.

“इथं उभा राहून सांग,” मी म्हटलं.

तो खाली बसला. पायरीवर नाही, पायरीच्या खाली मातीत. वाटी त्याने जपून बाजूला ठेवली.

“दुपारपास्न पाण्याबिगर काय न्हाय प्यालो. धाकटं मालक बाहीर आलं, किल्ली मागितली. म्हनलं, मी चालवतो. म्हनले, गप बस, रस पिऊन कुनाला चढतंय का? त्यास्नी मी न्हाय म्हनत न्हाय. दूधवाला उडला. मालक उतरलं, बघितलं, आनि परत येऊन शेजारी बसून रडायला लागलं. मग आतल्याआत जागा बदलून मी गाडी घेतली. म्होरं मळ्याच्या कडंला थांबवली. मालकानं महोत्सवातनं बाटली आणलती घरी न्यायला. म्हनले, अण्णा, चालवणारा झोकांड्या खात हुता असं कुनीतरी सांगनारच. तुझ्या तोंडाला वास नसला तर कोन इश्वास ठेवंल?”

“आणि तू प्यालास.”

“ह्येला मी सायकलीवरनं शाळंत सोडलाय साहेब. माझी बायकू त्यांच्याच पैंजणाला घुंगरं लावती घरात बसून. घर म्हंजे त्येच. शिक्षा भोगायला मी कबूल हुतो. आताबी हाय.” पुढचं बोलला ते हळू. “पर बाटली म्होरं धरताना त्येनं इचारलं की, ‘अण्णा, आज तुझा वार न्हवं?’ त्येला ठावं हुतं. मी म्हनलं, व्हय. तरीबी त्येनं बाटली मागं घेतली न्हाय.”

पुढचं काम नेहमीचं होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून अण्णाचं म्हणणं पुराव्याने भक्कम करावं लागलं. मुलाला तेव्हाच तपासणीला पाठवलं. अण्णाने दाखवलेल्या जागी, मळ्याच्या कडेच्या पाण्याच्या चारीत, पंचांसमक्ष बाटली मिळाली. पेल्याची पिशवी मोटारीच्या सीटखाली सापडली. सकाळी दूध संस्थेचं फुटेज आलं. चेहरा अंधुक होता, पण उजव्या दारातून उतरलेल्या माणसाच्या गळ्यात काहीतरी लटकत होतं आणि दिव्याच्या उजेडात ते एकदा चमकलं. मुलाला ते दाखवलं. त्याने दोनदा नाही म्हटलं, एकदा दूधवाल्याची चूक सांगितली, आणि मग कबूल केलं. एकेक पायरी उतरत, अगदी रीतसर.

त्या रात्रीच त्याचे वडील आले होते. माझ्याशी ते अत्यंत अदबीने बोलले. जाताना व्हरांड्यात बसलेल्या अण्णापाशी क्षणभर थांबले. “अण्णा,” ते म्हणाले, “इतकी वर्सं आमचं मीठ पचलं. एक घोट पचला न्हाय व्हय तुला?”

अण्णा उभा राहिला होता. ते गेल्यावरही बराच वेळ तसाच उभा होता.

जखमी माणूस वाचला. लंगडतो, पण दोन्ही वेळेला दूध घालायला जातो. मुलावर दोषारोपपत्र गेलं, खटला चालला, शिक्षा झाली. उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी मला विचारलं, “साक्षीदाराला तुम्ही मारहाण केलीत, धाक दाखवलात, हे खरं आहे का?” मी म्हटलं, खोटं आहे. शपथेवर सांगितलं आणि ते खरंच होतं. मी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पण वकिलांनी न विचारलेला एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी इथे देतो. खात्यात ही केस मी पुष्कळदा सांगितली. नव्या पोरांना सांगताना म्हणायचो, उपाशी माणसाची दया आली म्हणून मी त्याला देवळाकडे नेलं आणि योगायोगाने तो बोलता झाला. असं नव्हतं. वड्याचा कागद त्याने मागे सारला तेव्हाच मला कळलं होतं की हा पायरी चढू शकणार नाही. तेलाची वाटी मी त्याच्या हातात दिली ती त्यासाठी. धाकट्या मालकाला त्याचा वार ठाऊक होता, तरी त्याने बाटली पुढे केली. मलाही ठाऊक होता, आणि मी वाटी पुढे केली. माझ्या बाजूला कायदा होता, आणि एक निरपराध माणूस तुरुंगात जाण्यापासून वाचला. हे मी स्वतःला सांगतो. त्यात खोटं काही नाही. तरीसुद्धा त्या दोन वस्तू मला आठवणीत शेजारी शेजारी दिसतात.

माणसाला बोलतं करायचं तर तो कशाला भितो ते शोधा, असं आम्हाला शिकवलं होतं. या केसने मला शिकवलं की तो काय जपतो हे शोधलं तर तो लवकर बोलतो. हे कळल्यावर चौकशीला बसताना मला पूर्वीसारखी हुशारी वाटेनाशी झाली. नोकरी वेळेआधी सोडण्यामागे कारणं बरीच होती. त्यात हेही एक.

मध्यंतरी एका लग्नाला हुपरीला गेलो होतो. परतताना एस.टी.च्या थांब्यावर उभा होतो तर शाळेच्या मुलांची एक व्हॅन येऊन थांबली आणि चालकाने काच खाली केली.

“साहेब, वळखलं का?”

अण्णा होता. केस पुरते पांढरे झालेले. मालकाकडची नोकरी गेली, बायकोचं घुंगरांचं काम दुसऱ्या घराने दिलं, व्हॅन जावयाची आहे, असं त्याने आपणहून सांगितलं. तक्रार अशी कशाचीच नव्हती. दिवस शनिवारचा होता. शाळा सकाळची, व्हॅन रिकामी.

“वार धरतोस अजून?” मी विचारलं.

“धरतो की. पर देवळात जात न्हाय. नातवाकडनं तेल घालून घेतो. मी खालनंच हात जोडतो.”

“का? तुझी काय चूक होती?”

“चूक कुनाची का आसंना, तोंड माझंच हुतं न्हवं?” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून आपलेपणाने हसला. “तुम्ही न्हेलंसा म्हनून पायरीपाशी ध्यानात आलं साहेब. न्हायतर तसाच चढलो असतो. उपकारच झालं तुमचं.”

हे तो मनापासून म्हणत होता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

गावातला मारुती तिथून जवळच होता, शिखर थांब्यावरून दिसत होतं. काहीतरी करावं असं वाटून मी म्हटलं, “चल अण्णा, आत्ता जाऊ. मी येतो बरोबर. दोघं मिळून वर चढू.”

त्याने व्हॅन सुरू केली.

“ऱ्हाऊ द्या साहेब,” तो म्हणाला. “तुमच्यासंगं एकदा गेलतो की.”